जेवढे आत, तेवढे बाहेर

हां, येतंय का ऐकू? बरं. ते काळं बटण दाबलंस की तुझा आवाज आत येतो, सोडलंस की बंद. माझा आवाज मात्र तुला सारखा येत राहणार, त्याला बटण नाही. आतलं माणूस बोललं आणि बाहेरच्याला ऐकू गेलं नाही, असं टाकीत चालत नाही. आता हवेची चावी पाव वळण उघड. सावकाश. मला काही कुठली गाडी पकडायची नाहीये.

तू त्या दुसऱ्या हॉस्पिटलात चार वर्षं काचेची टाकी चालवलीस, माहितीये मला. एकच पेशंट, आडवा झोपलेला, वरून अख्खा दिसतो. ही म्हातारी वेगळी आहे. लोखंडाची, सहा खुर्च्यांची, आणि बघायला तीन वाटोळ्या काचा, त्यातली एक पुसट. आधी ती पाणबुड्यांच्या बोटीवर होती, म्हणून इथली भाषा अजून पाण्यातलीच आहे. दाब वाढवला की 'खाली नेलं', कमी केला की 'वर आणलं'. काट्यावर आकडे मीटरचे. जखमांच्या पेशंटना दाबाखाली ऑक्सिजन द्यायला चौदा मीटर खाली न्यायचं, तेही तळघरात, पाण्याचा थेंब नसताना.

किती झालं? एक? येऊ दे.

थांब, गिळू दे जरा... हं, सुटले कान. बावीस वर्षं झाली तरी हे कान काही माझं ऐकत नाहीत.

चार्ज द्यायचा म्हणजे किल्ल्या आणि वही द्यायची, एवढंच आपल्या साहेबांना ठाऊक. वही मघाशी तुला दिली. पण खरा चार्ज हा असा, तू बाहेर आणि मी आत बसूनच देता येतो. आता दुपारचे चार वाजलेत, पण इथं खाली चार काय आणि बारा काय, एकच ट्यूबलाइट. तू तिकडे दिव्याखाली बस, मी बोलते. सुई चौदावर यायला वेळ आहे.

आधी पाटी बघ. तुझ्या उजव्या हाताला, खिळ्याला टांगलीय. त्यावर मी खडूनं '१' लिहिलाय. आत किती माणसं गेली ते दार लावायच्या आधी लिहायचं आणि दार उघडल्यावर मोजायचं. जेवढे आत, तेवढे बाहेर. हा नियम उस्तादांचा. उस्ताद म्हणजे ज्यांनी मला हे काम शिकवलं ते. बोटीवर तेच ही टाकी चालवायचे. इथल्यांनी टाकी घेतली तेव्हा टाकीवर फुकट मिळाल्यासारखे तेही आले. उंच, कृश, आणि बोलायचे इतकं कमी की शब्दांनाही दाब लागतो जणू.

पाटीशेजारी खुंटीला लाकडी हातोडी आहे. ती उस्तादांची दुसरी शिकवण. बोटीवर आतला टेलिफोन बंद पडला तर बोलणार कसं? मग आतल्यानं भिंतीवर तीन ठोके द्यायचे, म्हणजे 'मला वर घ्या'. बाहेरच्यानं हातोडीनं तीन ठोके द्यायचे, म्हणजे 'घेतो'. आणि एकदा 'घेतो' म्हटलं की आतला माणूस बाहेर येईपर्यंत खुर्ची सोडायची नाही. मग आग लागो नाहीतर पूर येवो. "उत्तर म्हणजे शब्द असतो बाई," म्हणायचे, "दिलेला शब्द."

रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी टाकी एकदा खाली नेऊन तपासायची असते. तेव्हाही उस्ताद कुणाला तरी आत बसवायचेच. वॉर्डबॉय, नर्स, एकदा तर झाडूवाल्या मावशींना बसवलं होतं. मी विचारलं, रिकामी नेली तर काय बिघडतं? म्हणाले, "रिकामी टाकी ठोकते." मला हसू फुटलं. अहो, लोखंड आहे, दाबानं कुरकुरणारच. ते हसले नाहीत. "ठोकलं तरी हात खिशात ठेवायचा. मी एकदा उत्तर दिलं आणि उठलो." बस, एवढंच. पुढं विचारायची माझी काय टाप! गेले बिचारे, तीन वर्षं होतील आता.

तीन मीटर? छान. आत उकडायला लागलं. हवा दाबली की तापते, तुला काय सांगायचं.

आता माझ्या ताईबद्दल सांगते. नाही, विषय सोडून नाही बोलत, विषय तोच आहे.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई दिवसभर कामावर, त्यामुळे मला वाढवलं ताईनंच. वेणी तीच घालायची, पाढे तीच घ्यायची आणि पाठीत धपाटेही तीच घालायची. मला 'बारके' म्हणायची. आज मी अठ्ठावन्न वर्षांची घोडी झाले, तरी तिच्या तोंडी बारकेच. आमच्या दोघींच्या खाटांच्या मध्ये लाकडी फळ्यांची आडभिंत होती. रात्री दिवा मालवला की बोलायचं नाही, असा आईचा हुकूम. मग ताई फळीवर बोटानं ठोकायची. दोन ठोके, जरा थांबून एक. म्हणजे 'जागी आहेस का?' मी एकच ठोका द्यायचे. 'जागी आहे.' बस, एवढ्यावर मला झोप लागायची.

आणि तिची उजवी करंगळी वाकडी होती. ते माझं कर्तृत्व. चार वर्षांची होते मी, रागानं दार आपटलं, तिचं बोट फटीत सापडलं. आईला तिनं सांगितलं, वाऱ्यानं आपटलं. करंगळी जन्माची वाकडी राहिली आणि माझं नाव कधी बाहेर आलं नाही. अशी होती ताई.

'होती' म्हणतेय, ऐकलंस ना?

गेल्या वर्षी तिच्या टाचेला चप्पल चावली. निमित्त एवढंसं, पण अंगात साखर. दोन महिन्यांत टाच काळी पडली. सर्जनसाहेब म्हणाले, तीस वेळा टाकी देऊन बघू, ऑक्सिजननं मांस जगलं तर जगलं. नाहीतर... आणि त्यांनी हाताची कड गुडघ्याखाली आडवी फिरवली. ताई हसून म्हणाली, "डॉक्टर, तेवढी चप्पल तरी एकच घ्यावी लागेल." घरी येऊन मात्र मोरीत नळ सोडून रडली. मी आणि भावजी बाहेर उभे. मी तिच्याकडेच राहते, माझं वेगळं घर असं नाहीच. तेव्हाच मी ठरवलं, काही झालं तरी हा पाय जाऊ द्यायचा नाही.

रोज आणायचे तिला. ती पाचव्या खुर्चीवर बसायची, म्हणजे आत्ता मी बसलेय तिथं. तोंडावर मास्क, हातात काही नाही, दीड तास करणार काय? मग मला छळायला टाकीच्या भिंतीवर ठोकायची. दोन, मग एक. आत पेशंटबरोबर बसणारा ब्रदर ओरडायचा, "ताई, ठोकायचं नाही हो, त्याला इथं अर्थ असतो." ती म्हणायची, "आमच्याकडे पण असतो."

सतरा वेळा झालं आणि दाराच्या व्हॉल्व्हचं रबर फाटलं. दोन दिवस टाकी बंद. तिकडे सर्जनसाहेबांनी सोमवार दिला होता. सोमवारी जखमेची कड गुलाबी दिसली नाही तर मंगळवारी पाय. शुक्रवारी सकाळी रबर बदललं, मेकॅनिक गेला. आता तपासायची कशी? ब्रदर यायचा होता. बाकावर पेशंट येऊन बसलेले. एक शिंपीकाका, जबड्याची जखम भरत नव्हती त्यांची. एक शाळेतल्या बाई, एका रात्रीत एक कान बहिरा झालेला. आणि एक पहिलवान, त्याला झालेलं काही नाही, ताजंतवानं वाटतं म्हणून यायचा. वाटेल नाहीतर काय, दीड तास बायकोचा फोन नाही! आणि ताई, चाकाच्या खुर्चीत, पायाला पांढरं बांधलेली. तिनं घड्याळाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

मी टाकी रिकामीच खाली नेली.

आठ मीटर? हं. चावी आहे तशीच ठेव.

चौदावर आल्यावर मी वहीत आकडा लिहीत होते. पेन हातात, मान खाली. आणि ठोके आले. ठक... ठक... ठक. स्वच्छ. लोखंड कुरकुरतं तसे नाहीत, बोटाच्या सांध्यांनी मारल्यासारखे. आणि माझ्या हातानं, बाई गं, माझ्या हातानं पेन ठेवलं, हातोडी उचलली आणि तीन ठोके दिले. बावीस वर्षांची सवय. हात डोक्याला विचारायला थांबलाच नाही. तुझाही थांबला नसता. दुसरा कुणी असता तर घाबरून पळाला असता आणि सुटला असता. आपल्यासारखी माणसंच उत्तर देऊन बसतात.

काचेला डोळा लावला. सहा खुर्च्या रिकाम्या. सहा मास्क आपापल्या खुंटीला. आणि सहाव्या मास्कखालची पिशवी फुगत होती, बसत होती. फुगत होती... बसत होती.

मी टाकी वर आणली. दार उघडलं तर आत कुणी नाही. वास मात्र होता. खारट, ओला दोर बंद खोलीत कुजल्यासारखा. सहावी खुर्ची ओली होती. मी फडक्यानं पुसली.

मी पुसली, समजलं का तुला? मला कळलं होतं. मी शब्द दिला होता आणि कुणाला दिला होता ते मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी टाकी बंद ठेवायला हवी होती, उस्ताद असते तर त्यांनी कुलूप घातलं असतं. पण बाहेर ताई बसली होती आणि सोमवार तोंडावर होता. मी मनाला म्हटलं, हवेच्या मशीनचं पाणी असेल. मी फडकं पिळलं, हात धुतले, बाहेर जाऊन म्हटलं, "चला, या सगळे." हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुला पहिल्यांदा सांगतेय.

ब्रदर आला. पाच जण आत गेले. पाटीवर '५' लिहिला. सहावी खुर्ची रिकामी. ताई तिच्या शेजारी.

खाली जाईपर्यंत सगळं ठीक. चौदावर सगळ्यांनी मास्क लावले. तुझ्यासमोर सहा काचेच्या नळ्या आहेत ना, प्रत्येकीत छोटी गोळी? माणसानं मास्कमधून श्वास घेतला की ती उडते. त्या दिवशी पाच गोळ्या उडत होत्या. मग सहावी उडायला लागली.

करणार काय? दारावर भरलेल्या ट्रकचं वजन बसलेलं असतं. चौदा मीटरवरून दार उघडायला देव आला तरी उघडत नाही.

अर्ध्या तासानं ताईनं मास्क जरा बाजूला केला. तिचा आवाज आला, अगदी साधा. "बारके, या दादांचे कान दुखतायत गं. गिळा म्हणून सांग ना त्यांना."

मी विचारलं, "कोणते दादा, ताई?"

"हे काय, माझ्याजवळचे. किती वेळचे म्हणतायत, तुझ्या बहिणीनं कबूल केलंय."

काचेतून बघितलं तर ताईची मान सहाव्या खुर्चीकडे वळलेली. कुणी हळू बोलत असलं की आपण कशी मान हलवतो, तशी ती हलवत होती. ब्रदर म्हणाला, "ताई, मास्क लावा. तिथं कुणी नाहीये." तेवढ्यात ठोके आले. तीन. ब्रदर शिंपीकाकांचा मास्क नीट करत होता, दोन्ही हात वर. शिंपीकाकांचे हात मांडीवर. बाईंचे मांडीवर. पहिलवानाचे मांडीवर. ताईच्या दोन्ही हातांत मास्क. ब्रदरनं काचेतून माझ्याकडे पाहिलं. "बाई... हे कुणी ठोकलं?" एवढा दांडगा माणूस, पण त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

मी वर आणायला घेतलं. वेळेआधीच. तरी वीस मिनिटं लागतात, घाई केली तर रक्तात बुडबुडे होतात, माणूस जातो. वर येताना हवा गार पडते आणि आत धुकं होतं, तू पाहिलंयस. त्या दिवशी असं धुकं आलं की काच नुसती पांढरी. मी काचेला नाक लावून उभी. काही दिसेना. श्वास ऐकू येत होते फक्त. मग ताई.

"बारके... माझा हात धरलाय गं यांनी... सोडा म्हणावं... बारके, अगं..."

मग काही नाही. धुकं, आणि गोळ्यांची टिकटिक.

सुई शून्यावर आली. मी तीन ठोके दिले, आतून तीन आले. दार उघडलं. मोजायला लागले. ब्रदर, एक. शिंपीकाका, दोन. बाई, तीन. पहिलवान, चार. आणि ताई, पाच! लंगडत, भिंतीला धरून, पण आपल्या पायानं. पाच आत, पाच बाहेर. मी तिथंच खाली बसले आणि हमसून रडले. ताईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. ब्रदर चपला न घालताच जिना चढून गेला, तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा राजीनामा आला, पोस्टानं.

सोमवारी सर्जनसाहेबांनी पट्टी सोडली. जखमेची कड गुलाबी. दोन आठवड्यांत जखम भरली, डागसुद्धा नाही. ते म्हणाले, असं मी कधी पाहिलं नव्हतं. भावजींनी तर त्यांचे हातच धरले. घरात सगळे खूश, मीही. मी सगळ्यात जास्त.

मग एकदा ताई कपबशी पुढं करत होती आणि माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. उजवी करंगळी सरळ होती.

भावजी म्हणाले, "बघितलंस? सगळंच बरं झालं!" मीही हसले. हसतच कपबशी घेतली.

ती चांगली वागते. भांडत नाही, चिडत नाही, भावजींची औषधं वेळेवर देते. फक्त मला बारके म्हणत नाही, त्या दिवसापासून एकदाही नाही. आणि मोरीत गेली की आतून दारावर तीन ठोके देते आणि थांबते. कडी आतूनच असते गं, तिच्याच हातात! पण ती उघडत नाही, कुणीतरी बाहेरून तीन ठोके देईपर्यंत उभी राहते. भावजी म्हणतात, टाकीची सवय लागली. मी एकदा रात्री भिंतीवर ठोकून पाहिलं, दोन, मग एक. पलीकडे ती जागीच होती. मग तीन आले. मी तोंडात पदर कोंबून सकाळ केली. तिची उशी रोज सकाळी ओलसर असते, मीच वाळत घालते. वास तोच.

आता उरलेलं सांगते. किती, बारा? मग लवकर सांगायला हवं.

ब्रदर गेल्यावर आत बसायला बदलत्या नर्स येत गेल्या, पण सकाळी आठला कुणी येत नसे. तपासायची तर मी एकटीच. चौदा मीटर झाले की ठोके यायचे. तीन नाहीत.

दोन. मग एक.

रोज, गं. सात महिने, रोज. 'बारके, जागी आहेस का?' मी इथं तुझ्या खुर्चीवर बसून दोन्ही हात मांडीखाली दाबून धरायचे. वर आणून दार उघडलं की आत कुणी नाही. कसं असणार? आत शून्य, तर बाहेर शून्य. हिशेब सरळ आहे. पेशंट आत असले की ती गप्प असते. कुणाचा हात धरून त्याच्या जागी बाहेर यायचं, हे तिला जमायचं नाही. वाऱ्यानं दार आपटलं म्हणणारी बाई ती.

म्हणजे कुणीतरी आपणहून आत जायला हवं. आणि बाहेरच्या खुर्चीवर शब्द देणारं माणूस हवं, हातोडी चालवता येणारं. मी एकटी दोन्हीकडे कशी असणार? म्हणून तुझी वाट पाहत होते. तुझी नेमणूक झाल्याचं साहेबांनी सांगितलं तेव्हा मी त्यांच्यासमोरच रडले, त्यांना वाटलं नोकरी सुटतेय म्हणून.

तुला फसवलं मी, माफ कर. आधी सांगितलं असतं तर तू बसली नसतीस. आता उठू नकोस. काहीही झालं तरी उठू नकोस, उस्ताद उठले होते.

नीट ऐक. मला भीती वाटतेय, पाचावर धारण बसलीय, तेव्हा बोलणं मागेपुढे होईल. दोन आणि एक ठोके आले की तू एकच ठोका द्यायचा. मग वर आणायला घ्यायचं, सावकाश. धुकं आलं की काचेतून बघायचं नाही. दार उघडशील तेव्हा एक बाई बाहेर येईल. तिचा पाय वाईट असेल, धर तिला. चाकाची खुर्ची जिन्याखाली ठेवलीय मी. ती विचारेल, बारकी कुठाय. सांग, घरी गेली. आणि थेट सर्जनसाहेबांकडे ने. पाय गेला तर जाऊ दे.

आणि पाच वाजता 'ती' येईल. मला न्यायला रोज येते. जिन्याच्या खालच्या काचेच्या दाराशी उभी राहून तीन ठोके देते. दार ढकललं तरी उघडतं, पण ती ढकलत नाही. तू उत्तर देऊ नकोस, मान वर करून बघूसुद्धा नकोस. उत्तर मिळालं नाही तर ती आत येत नाही. सात महिने बघतेय मी.

चौदा? आले चौदा? चावी बंद कर.

शू...

...

सहावी गोळी बघ. उडतेय? इकडे पिशवीही फुगतेय. वास येत नाहीये. उलट... ताई डोक्याला लावायची त्या साबणाचा... अगं, माझे दोन्ही हात मांडीवर आहेत, बघ काचेतून. बघितलेस?

ऐकलंस? दोन. आणि... एक.

दे. दे ना गं, एकच. हातोडी घे.

...

हां. हां, आला. शाबास पोरी. आता वर घे. सावकाश, मी सांगितलं तसं.

गार पडायला लागलं. धुकं येतंय. माझ्या उजव्या हातात हात आलाय. थांब, बघू दे... वाकडी आहे. करंगळी वाकडी आहे! ताई... ताई गं, मी होते ते, दार मीच आपटलं होतं...

पोरी, ऐकतेस ना? उद्या सकाळी तू एकटीच असशील. टाकी खाली नेशील आणि कदाचित एकच ठोका ऐकू येईल. घाबरू नकोस. मी जागी आहे, एवढाच त्याचा अर्थ. हात खिशात ठेव.

काय? काय म्हणालीस, बटण दाबून बोल. पाच वाजले? कुणी ठोकलं? दारावर? तू नाही ना... मला तर तीनचं उत्तर ऐकू आलं, इथं, टाकीवरच. तू नाही दिलंस? हातोडी कुठाय? खुंटीवर? मग कुणी...

काचेचं दार उघडंय म्हणतेस? तुझ्या मागचं, जिन्याकडचं... कोण आलं आत? कुणीच नाही? नीट बघ, मागं बघ.

नको, राहू दे. बघू नकोस. सुईवर लक्ष ठेव, थांबवू नकोस. पाटीवर एकच आहे ना लिहिलेला? वाचून दाखव मला.

ताई, एवढा घट्ट नको धरूस. ताई...

पोरी, माझा डावा हातही कुणीतरी धरलाय. ओला आहे. करंगळी सरळ आहे.